पाठमोरे आबा

सातव्या महिन्यात लेकीला माहेरी न्यायला म्हस्कू डाळजला गेला, तेव्हा विहीणबाईंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि मग सरळ नकार दिला.

"माहेर म्हंजी आई," बानूबाई म्हणाली. "आई असती तर मी कशाला अडवलं असतं? तुमच्या घरात बाईमाणूस न्हाय. बाळंतिणीचं करणार कोण? तुमी?"

म्हस्कूची लेक मनिषा दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, संपलं आता. आबा मान खाली घालणार, बरं म्हणणार आणि रिकाम्या हातानं एसटीला उभे राहणार. लग्नात विहीणबाई आहेरावरून रुसल्या, तेव्हा आबा मांडवभर हात जोडून फिरले होते. त्यानंतर ते हात या घरात कधी सुटे झालेच नव्हते.

पण आबा म्हणाले, "व्हय. मीच करीन."

बानूबाई आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की माणूस चेष्टा करत नाहीये. तशी ती मनानं वाईट नव्हती. सुनेला तिनं कधी उपाशी ठेवलं नव्हतं की हात लावला नव्हता. तिचा दोष एकच, तिला सगळं ठाऊक होतं. भाकरीत किती पाणी घालायचं इथपासून सुनेला कधी रडू यावं इथपर्यंत सगळं. तिचा मुलगा मानसिंग कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. वाटेत ट्रक आडवा आला तर तो शिव्या घालायचा, पण आईपुढं बोलायची त्याची टाप नव्हती. त्या दिवशीसुद्धा तो टायरची हवा बघायला म्हणून जो बाहेर गेला, तो आलाच नाही.

"न्या मग," बानूबाई शेवटी म्हणाली. "पर ध्यानात ठेवा. कुठं कमी पडलं असं माज्या कानावर आलं, तर त्याच दिशी जीप घिऊन येईन. मायलेकरांस्नी उचलून आणीन. मग मला बोल लावायचा न्हाय."

मनिषाला माहेर का हवं होतं, हे तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं की नाही, देव जाणे. तिला डोक्यावरचा पदर खाली घ्यायचा होता. भूक लागली की मागायचं होतं, भीती वाटली की भीती वाटते म्हणायचं होतं. आणि ही भीती साधी नव्हती. आई गेली तेव्हा ती चौथीत होती. बाळंतपणातलं बाईला जे आईकडून कळतं, त्यातलं तिला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

अंथुर्ण्याला आबांचं घर कालव्याच्या अलीकडं. पूर्वी त्यांच्याकडं मेंढरांचे मोठे कळप होते, उन्हाळ्या-पावसाळ्याला ते कळप घेऊन मुलूख फिरायचे. आता थोडी शेती आणि दावणीला चार मेंढ्या, हौस म्हणून ठेवलेल्या. मनिषा तपासणीला बारामतीच्या दवाखान्यात गेली, तिथं तिला सुधाताईंच्या वर्गाचं कळलं.

सुधाताई म्हणजे निवृत्त नर्स. उंच, सडपातळ आणि आवाज असा की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानंही हॉर्न वाजवायचं थांबावं. बाजाराच्या दिवशी दुपारी एका बालवाडीची खोली मागून घेऊन त्या पोटुशा बायकांचा वर्ग घ्यायच्या. दिवस बाजाराचाच का, तर खेड्यापाड्यातल्या बायका त्या दिवशी कशाही येतातच, म्हणून. भिंतीवर क-कमळाचं, ख-खटाऱ्याचं आणि खाली सतरंजीवर आठवा-नववा महिना लागलेल्या बायका. ज्यांची बाळंतपणं होऊन गेली होती, त्याही पोरं कडेवर घेऊन यायच्या. बाळंत झालेल्या बायकांनी व्हायच्या बायकांना खरं काय ते सांगायचं, ही सुधाताईंची पद्धत. दुसरा नियम असा, की घरी बाळंतिणीचं जो करणार, त्या माणसाला बरोबर आणायचं. आई आणा, सासू आणा, नवरा आणा.

"मला आई न्हाय," मनिषा पहिल्या दिवशी म्हणाली.

"मग करणार कोण आहे?"

"आबा."

सुधाताईंच्या भुवया जरा वर गेल्या आणि लगेच जागेवर आल्या. "मग आबांना आण," त्या म्हणाल्या.

आबा नाही म्हणतील अशी मनिषाची मनोमन आशा होती. आबांनी दाढी केली, ठेवणीतला पटका बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि लेकीच्या आधी एसटीत जाऊन बसले.

बालवाडीच्या दारात पटका दिसला आणि आतल्या बडबडीला खीळ बसली. बायकांचे पदर भराभर वर गेले. एक जण उताणी पडून पायांचा व्यायाम करत होती, ती अशी उठली की तिला धरावं लागलं. म्हस्कूनं आत पाहिलं, आणि रानात एकट्यानं लांडगा हाकलणारा तो गडी जागीच थिजला. पळून जाईल असंच मनिषाला वाटलं. पण तो गेला नाही. तो उंबऱ्यावर बसला, तोंड रस्त्याकडं आणि पाठ बायकांकडं करून.

"बाई, तुमी चालू द्या," तो म्हणाला. "मला ऐकू येतंय. बघायचं काम न्हाय."

धरणीनं पोटात घ्यावं असं मनिषाला झालं. तासभर तिनं मान वर केली नाही. घरी जाताना ती एसटीत आबांशी बोललीही नाही. पुढच्या बाजाराला आबा पुन्हा उंबऱ्यावर, पाठमोरे.

त्याच दिवशी सुधाताईंनी कापडी बाहुली काढली. बाळ उचलताना पहिला हात डोक्याखाली जातो, मग दुसरा, हे त्यांनी सगळ्यांकडून करून घेतलं आणि बाहुली उंबऱ्यावर दिली. म्हस्कूनं ती क्षणात उचलली, पुढचे दोन पाय धरून, कोकरू उचलतात तशी. बाहुलीची मान लटकन मागं पडली. सगळी खोली हसली. हसता हसता एका सासूबाईंचा चष्मा खाली पडला. म्हस्कूही हसला, पण कान लाल झालेले मागूनसुद्धा दिसत होते. "पुन्यांदा दावा," तो म्हणाला. सुधाताई त्याच्या पुढ्यात रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुन्हा दाखवलं.

त्या आठवड्यात अंथुर्ण्यात सगळ्यांची करमणूक झाली. म्हस्कूनं एक दुधी भोपळा टॉवेलात गुंडाळला होता. येता-जाता तो त्याला उचलायचा, खांद्यावर घेऊन पाठ थोपटायचा, परातीत ठेवून कोमट पाण्यानं धुवायचा. "पहिला हात डोक्याखाली," असं पुटपुटत अंगणात फिरायचा. शेजारची दगडाबाई, जी पुढं मनिषाला तेल लावायला यायचं कबूल करून बसली होती, ती म्हणाली, "म्हस्कू, भोपळ्याला दृष्ट काढ रं." त्या भोपळ्याची भाजी करायला मात्र त्यानं सक्त मनाई केली.

मनिषा दारात बसून हे बघत होती, आणि तिला हसू यायच्या ऐवजी वेणी आठवली. ती चौथीत असताना हाच माणूस तिची वेणी घालायचा. ती नेहमी एका बाजूला वाकडी यायची, पोरी चिडवायच्या आणि ती आबांवर चिडायची. आबा रोज नव्यानं घालायचे. तेव्हा तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. आता कळलं, आणि एसटीत न बोलल्याची तिला लाज वाटली.

पहिल्या दुधाचा विषय निघाला त्या दिवशी तर गंमतच झाली. बाळ झाल्यावर येणारं घट्ट पिवळं दूध, तेच बाळाला आधी पाजायचं, मध नाही, गुळाचं पाणी नाही, असं सुधाताई सांगत होत्या. आलेल्या आया-सासवा एकमेकींकडं बघायला लागल्या. ते दूध नासकं, नऊ महिने साठलेलं, ते पिळून टाकायचं आणि तीन दिवस बाळाला मध चाटवायचा, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी सुधाताईंना तोंडावर खोटं म्हणेना, पण पटलंही कुणाला नव्हतं.

"बाई, म्हंजी चीकच की ह्यो," उंबऱ्यावरून आवाज आला.

"हो आबा. चीकच."

मग म्हस्कूनं कपाळावर हात मारून घेतला. "आमी कोकराला चीक पाजल्याबिगर मेंढीजवळनं हलत न्हाय. भर पावसात, चालत्या वाटंवर, तोंड धरून पाजतो. चीक न्हाय मिळाला तर कोकरू जगत न्हाय, हे शेंबड्या पोराला ठावं. आन् ह्या पोरीच्या येळला तिच्या आईचा चीक आमी भिंतीवर पिळला, बाई. साऱ्या घरानं मिळून. मेंढरासाठी लावली ती अक्कल आमी लेकरासाठी लावली न्हाय."

सुधाताईंना हे माहीत होतं आणि वर्षानुवर्षं त्या ते सांगत होत्या. पण त्या दिवशी वर्गातल्या सासवांनी माना डोलावल्या. त्यातल्या कित्येकींच्या घरी गाईम्हशी होत्या.

हळूहळू खोलीला त्या पाठीची सवय झाली. पदर खाली आले. बँकेतल्या कुशलची बायको स्वरदा वर्गाला यायची. कुशल तिला सोडून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसायचा, तिथं आणखी चार नवरे पेपर धरून बसलेले असायचे. एकदा स्वरदा त्याला म्हणाली, "अंथुर्ण्याचे आबा पटका बांधून येतात, आणि तुम्हाला लाज वाटते?" पुढच्या बाजाराला कुशल आला. आत बसायचं धैर्य त्याला झालं नाही. तो म्हस्कूशेजारी, रस्त्याकडं तोंड करून बसला. त्यानंतर दुसरा आला. शेवटी दारात पाठींची रांगच लागली आणि आत-बाहेर करणाऱ्या बायकांना वाट मिळेना. सुधाताई वैतागल्याचं दाखवायच्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

स्वरदा आधी बाळंत झाली. बाळाला घेऊन ती वर्गात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पेढे. ती बसली आणि रडायलाच लागली. बाळ अंगावर पीतच नव्हतं, तोंड लावायचं आणि सोडून द्यायचं. मला आई होता येत नाही, असं वाटायचं, ती म्हणाली. मग काय केलं, तेही तिनं सांगितलं. मी वाकत होते बाळाकडं. वाकायचं नाही. ताठ बसायचं आणि बाळाला आपल्याकडं आणायचं, पोटाला पोट लावून. त्यानं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, घाई नाही करायची. पोटुशा बायका कान देऊन ऐकत होत्या. दारातली आबांची पाठही जरा मागं झुकली होती.

मनिषाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं होतं. हाताशी आलेली पाण्याची पाळी सोडून म्हस्कूनं जीप आणली आणि बारामतीचा दवाखाना गाठला. सकाळी मुलगी झाली. किरकोळ अंगाची, पण ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले. म्हस्कूनं डाळजला फोन लावून निरोप दिला. विहीणबाई जीप घेऊन येतील हे ठाऊक असूनही तो निरोप त्यानं स्वतःहून दिला, हे मनिषाला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

बायकांच्या खोलीत पुरुषांना मज्जाव होता. मनिषाची खाट खिडकीला लागून होती. खिडकीबाहेर व्हरांडा, तिथल्या बाकावर आबा बसले, अर्थातच पाठ खिडकीकडं करून. नातीचं तोंड त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. लेक पाजायला बसली होती, मग बघणार कसे?

आणि पोर पीत नव्हती. झोपायची, जागी व्हायची, तोंड लावायची, सोडायची आणि किंचाळायची. नर्स येऊन दोनदा सांगून गेली, पण तिला आणखी खाटा बघायच्या होत्या. मनिषाच्या अंगाला घाम सुटला होता. वर्गात ऐकलेलं सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

दुपारी बानूबाई आली. जीप बाहेर उभी, हातात मधाची बाटली. तिनं नातीला पाहिलं. मुलगी झाली म्हणून तिनं तोंड वाकडं केलं नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. उलट ती किंचाळणारी पोर बघून ती सरळ खाटेशी आली.

"सकाळधरनं उपाशी ठेवलीया?" ती म्हणाली. "ही व्हय तुमची माहेरची तऱ्हा? पोरीलाच नगं हाय ते नासकं दूध. मी मध चाटवते. आन् सुट्टी मिळाली की सरळ डाळजला. जीपवाल्याला मी थांबवून ठेवलाय."

तिनं बाटलीचं बूच काढलं. मनिषा नाही म्हणणार होती, पण तोंडातून हुंदका आला. इतके महिने मनात धरलेलं माहेर तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि आबांनी जे ठरवलं होतं तेही.

"विहीणबाई, जरा थांबा."

बानूबाईनं खिडकीकडं पाहिलं. गजापलीकडं पटका दिसत होता, मागच्या बाजूनं. या माणसानं तिला थांबा म्हणावं, हे तिला इतकं नवीन होतं की ती खरंच थांबली.

"म्हस्कूराव, ह्यात पुरुषाचं काय काम?"

"काय बी न्हाय," पाठ म्हणाली. "तुमी धनगराची लेक. तुमच्या बापाच्या मेंढरांच्या वाड्यात कोकराला कदी मध चाटवला का?"

लहानपणी वाटेवर जन्मलेली कोकरं बानूबाईनं स्वतः मेंढीला लावली होती, गुडघ्यात धरून. बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

"नासकं नव्हं ते. चीक हाय," आबा म्हणाले. आवाज कापत होता. मग त्यांनी तो सुधाताईंसारखा करायचा प्रयत्न केला. "मने, रडू नगं. ताठ बस. उशी घे पाठीला. तू वाकू नगं, तिला तुज्याकडं आण. पोटाला पोट लागलं का?"

"लागलं, आबा. पर तिचं डोस्कं घसरतंय. मला एकटीला धरवत न्हाय."

आबांचा हात बाकावरून उचलला गेला आणि परत खाली आला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "माजे हात आत येत न्हाईत. तुमचे द्या."

बानूबाईनं बाटली खिडकीत ठेवली. खाटेवर बसली आणि नातीच्या मानेखाली तिनं आपला जाडजूड, कामानं घट्टे पडलेला हात घातला.

"घाई करू नगासा," बाहेरून आवाज आला. "तोंड मोठं उघडू द्या. वाट बघा."

तिघांनी वाट पाहिली. पोरीनं तोंड शोधत मान हलवली, किंचाळायला म्हणून मोठ्ठं उघडलं, आणि बानूबाईच्या हातानं तिला पुढं आणलं. किंचाळी थांबली. मनिषाला आत ओढ जाणवली, बारकीशी पण पक्की. मग घोट उतरल्याचा आवाज आला. बानूबाई कान लावून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि तिनं ते पुसलंसुद्धा नाही.

"लागली का?" बाहेरून विचारलं गेलं. "अगं मने, लागली का?"

"लागली," बानूबाई म्हणाली.

पोर पोटभर प्यायली आणि झोपली. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. बानूबाई खिडकीशी गेली आणि व्हरांड्यापलीकडं ओरडली, "जा रं तू! मी रातच्याला एसटीनं येते. मायलेकी अंथुर्ण्याला जाणार हाईत." मग तिनं सुनेचा पदर नीट केला, दुपट्यातली पोर उचलली आणि दारातून व्हरांड्यात नेली.

"म्हस्कूराव, वळा आता," ती म्हणाली. "नातीचं तोंड बघा."

म्हस्कू लगेच वळला नाही. आधी त्यानं पटक्याच्या शेवानं चेहरा पुसला. मग वळला आणि दोन्ही हात पुढं केले.

"आवो, पुरुषमाणूस तुमी, पडंल की!" बानूबाईनं पोर मागं घेतली.

मनिषा खिडकीतून बघत होती. आबांचा पहिला हात डोक्याखाली जाण्यासाठी वळलेला होता, अगदी जसा जायला हवा तसा.

"द्या, आत्या," ती सासूला म्हणाली. "न्हाय पडत. आबा शिकल्यात."